रोप सगळ्यात शेवटी आणा : बाल्कनीतल्या कुंड्यांचं काम कोणत्या क्रमाने करायचं

रविवारी नर्सरीत चक्कर होते. कळ्यांनी भरलेला मोगरा, टोमॅटोचं एक रोप, कढीपत्ता पिशवीत येतो. घरी आल्यावर रिकामी कुंडी शोधायची, मग खुरपं घेऊन सोसायटीच्या आवारातून माती खरवडून आणायची, रोप त्यात खोचायचं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडतात, महिन्याभरात काड्या उरतात. मग ठरलेलं वाक्य येतं : "माझ्या हाताला गुणच नाही हो, झाडं टिकत नाहीत."

गेली काही वर्षं मी शेजारपाजारच्या अशा मेलेल्या कुंड्या उपसून बघते. बहुतेकींत एकच चित्र दिसतं. मुळांचा गोळा नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचाच राहिलेला असतो, एक मूळही बाहेरच्या मातीत शिरलेलं नसतं आणि कुंडीच्या तळाची माती काळी, चिकट, कुबट वासाची असते. यात हाताचा काही दोष नाही, क्रम उलटा झाला आहे. ऊन, कुंडी, माती आणि मग रोप या क्रमाने काम केलं तर रोप आणायच्या आधी निदान तीन आठवडे जातात. तेवढे थांबा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. उदाहरणं मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली आहेत, कारण मला ती हवा माहीत आहे.

टप्पा १ : ऊन मोजा

"आमच्याकडे छान उजेड असतो" हे माप नव्हे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता बाल्कनीचा फोटो काढा. थेट ऊन जमिनीवर कुठे पडतं आणि कठड्यावर कुठे, हे वेगवेगळं बघा. पुष्कळ बाल्कन्यांत कठड्यावर पाच तास ऊन असतं आणि जमिनीवर दीडच तास.

एका दिवसाचं माप वर्षभर चालत नाही, आणि इथेच जुने हौशी लोकही चुकतात. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन जवळजवळ येतच नाही आणि उत्तरेच्या बाल्कनीत येतं. हिवाळ्यात नेमकं उलट. सूर्य दक्षिणेला कलतो आणि तिरपं ऊन दक्षिणेच्या बाल्कनीत भिंतीपर्यंत शिरतं. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत टोमॅटो-वांग्याचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात फळभाजीचा हट्ट धरू नये.

मोजून झालं की यादी करा :

सहा तास किंवा जास्त ऊन : टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, लिंबू, मोगरा, जास्वंद.
तीन ते चार तास : मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू, पानओवा. कढीपत्ता जगतो, पण सावकाश वाढतो.
दोन तासांपेक्षा कमी : मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे. इथे मोगरा ठेवला तर हिरवागार होईल, फुलणार मात्र नाही.

तपासून पाहा : समोरच्या इमारतीच्या काचेवरून येणारा झगमगाट ऊन म्हणून धरलेला नाही ना?

टप्पा २ : कुंडी निवडा, भोकं पाडा, वजन धरा

झाडाच्या आजच्या उंचीकडे बघून कुंडी घेऊ नका, मुळांना शेवटी किती जागा लागेल ते धरा. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते, त्यामुळे पसरट ट्रे, क्रेट, जुना टब काहीही चालतं. टोमॅटो, वांगी, मिरचीला १२ इंची कुंडी, म्हणजे साधारण १५ लिटर माती, आणि त्यात एकच रोप. कढीपत्त्याला १४ ते १६ इंच, लिंबाला १८. दुधी, दोडका, कारल्याला अर्धा ड्रम किंवा तेवढी मोठी ग्रो बॅग. उलट चूकही होते. बोटभर रोप थेट १८ इंची कुंडीत लावलं तर मुळं न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते.

मातीची कुंडी बाजूंनी श्वास घेते. तिचं पाणी लवकर उडतं, पण मुळं सहसा कुजत नाहीत. ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी मातीचीच घ्यावी. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त, पाणी धरून ठेवतं. काळं प्लास्टिक आणि तेलाचे पत्र्याचे डबे एप्रिलच्या उन्हात इतके तापतात की कडेची मुळं भाजतात. डबा वापरायचाच असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या.

भोकं. विकत आणलेल्या प्लास्टिकच्या कुंडीला बरेचदा नुसत्या खुणा असतात, भोकं पाडायची राहिलेली असतात. १२ इंची कुंडीला बोटाच्या जाडीची निदान चार-पाच भोकं हवीत, आणि तळासोबत बाजूलाही, तळापासून अर्धा इंच वर. कुंडी विटांच्या तुकड्यांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा. जमिनीला टेकलेल्या कुंडीची भोकं असून नसल्यासारखी.

आता सगळ्यात रुजलेली चूक : तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर, "पाणी निचरावं म्हणून". त्याने निचरा सुधारत नाही. भिजवलेला आंघोळीचा स्पंज आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की पाणी जास्त खाली उतरतं. कुंडीतही पाणी मातीच्या सगळ्यात खालच्या दोन-तीन बोटांत अडकून राहतं. खाली खडी घातली तर ते खडीत उतरत नाही, खडीच्या वरच्या मातीत अडकतं. म्हणजे ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ आली आणि मातीची खोलीही कमी झाली. भोकावर एकेक खापरी पालथी ठेवा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घाला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी तळापर्यंत माती.

सावधान : पाणी घातलेली १२ इंची कुंडी २० किलोच्या आसपास भरते. ती कठड्यावर बाहेरच्या बाजूला कधीच टांगू नका. गच्चीत कुंड्या तुळईच्या किंवा भिंतीच्या कडेने ठेवा, स्लॅबच्या मधोमध गर्दी नको. खाली हवा खेळू द्या, नाहीतर खालच्या घराच्या छताला ओल धरेल.

टप्पा ३ : माती तयार करा आणि तिला मुरू द्या

सगळा वेळ एकाच टप्प्यावर घालवायचा असेल तर इथे घालवा.

शेतातली माती शेतात चांगली असते, कारण तिथे खाली फूट-दोन फूट निचरा होतो आणि गांडुळं ती भुसभुशीत ठेवतात. तीच माती कुंडीत चार महिन्यांत वीट होते. देशावरची काळी माती तर सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, मुळांचा गोळा मात्र कोरडा असतो.

*३.१ जिन्नस.* तांबडी माती असेल तर एकाच घमेल्याने मापून : दोन घमेली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). काळी माती असेल तर तिचं प्रमाण निम्म्यावर आणा : एक घमेलं माती, दोन खत, एक कोकोपीट, एक भाताचं तूस किंवा जाड वाळू. प्रत्येक १२ इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे, मर आणि मूळकूज रोखायला मदत करते. ती खतातच मिसळा आणि मिश्रण ओलसर ठेवा, कोरड्यात ती काम करत नाही.

वाळूबद्दल दोन शब्द. समुद्राची वाळू खारी असते, ती अजिबात नको. बांधकामावरची क्रश सँड मिळाली तर तिच्यातली दगडाची भुकटी धुऊन काढा. ती भुकटीच मातीची छिद्रं बुजवते.

*३.२ कोकोपीट धुवा.* ही पायरी जवळपास सगळे गाळतात. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, स्वस्त विटांमध्ये फार. ६५० ग्रॅमची वीट बादलीभर पाण्यात भिजवा, ती फुलून साधारण आठ-नऊ लिटर होते. जुन्या सुती कापडात घालून पिळा. चहासारखं तपकिरी पाणी निघेल. पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत दोन-तीन वेळा. न धुतलेल्या कोकोपीटात नव्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण त्याला उन्हाचा दोष देतो.

*३.३ शेणखत ओळखा.* मुरलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ते काळसर, भुरभुरीत असतं, हात घातला तर गार लागतं. शेणाचा वास आला, गोवऱ्यांचे तुकडे दिसले, ढिगाच्या आत ऊब लागली, तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत कुजू लागलं की त्याच्या उष्णतेने मुळं जळतात, आणि त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या येतात त्या मुळं कुरतडतात. खत पसरून, चाळून, अळ्या वेचूनच वापरा.

*३.४ मिसळा, भिजवा, थांबा.* सगळं एकत्र कालवा, पाण्याचा हबका मारा, गोणपाटाने झाकून सावलीत १५ दिवस ठेवा. दर चार-पाच दिवसांनी खालीवर करा.

तपासून पाहा, मुठीने : मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हावा, बोटाने टोचल्यावर सुटा व्हावा. गोळा तसाच राहिला तर तूस किंवा कोकोपीट वाढवा. गोळाच झाला नाही तर माती किंवा खत वाढवा.

तपासून पाहा, मोहरीने : वाटीभर मिश्रणात फोडणीची दहा-बारा मोहरीदाणे पेरा. तीन-चार दिवसांत बहुतेक उगवले आणि कोंब हिरवे, सरळ राहिले तर माती तयार. उगवले नाहीत किंवा टोकं करपली तर क्षार जास्त आहेत किंवा खत कच्चं आहे. आणखी दोन आठवडे मुरू द्या आणि पुन्हा पेरा. पाच रुपयांच्या मोहरीने शंभर-दीडशेचं रोप वाचतं.

तपासून पाहा, पाण्याने : कुंडी भरून तिच्यात दोन लिटर पाणी ओता. वरचं पाणी मिनिटभरात आत जावं आणि थोड्याच वेळात भोकांतून गळू लागावं. तळं साचून राहिलं तर या मातीत रोप लावू नका.

टप्पा ४ : आता रोप आणा

नर्सरीत सगळ्यात उंच आणि फुललेलं रोप उचलायचा मोह होतो. त्याच्या शेजारचं बुटकं, दाट पानांचं, कळ्या नसलेलं घ्या. पानं उलटी करून बघा : पांढरे कापसासारखे ठिपके, चिकट चकाकी, बारीक जाळी यातलं काही दिसलं तर ते रोप तिथेच राहू द्या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप फार दिवस अडकून पडलंय. कलमी रोप असेल तर कलमाचा सांधा शोधा आणि सांध्याच्या वरची फूट जोमदार आहे ना ते पाहा.

घरी आणलं की लगेच लावू नका. ते शेडनेटखाली वाढलेलं असतं. आठवडाभर इतर झाडांपासून लांब, सावलीत ठेवा, मग दोन-तीन दिवस फक्त सकाळचं ऊन द्या. या आठवड्यात लपलेली कीडही उघडी पडते.

बियांपासून करणार असाल तर टोमॅटोची रोपं २५ ते ३० दिवसांची, वांग्याची ३० ते ३५, मिरचीची ३५ ते ४० दिवसांची झाली की हलवा. मेथी, पालक, कोथिंबीर मात्र थेट जागेवरच पेरायची. धणे रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नका, अख्खे धणे फार रेंगाळतात. आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये रुसते, त्यात तुमची चूक नाही.

टप्पा ५ : लावणी

१. संध्याकाळची वेळ धरा. आदल्या रात्री रोपाला पाणी द्या, म्हणजे गोळा फुटणार नाही.

२. प्लास्टिकची पिशवी कापून पूर्ण काढा. "मुळं दुखावतील" म्हणून पिशवीसकट लावलेली रोपं मी दरवर्षी उपसते.

३. गोळा बघा. नर्सरीत बरेचदा चिकट लाल माती घट्ट लिंपलेली असते. तो गोळा पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सुटी करा. गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, तळाचा गुंता कात्रीने कापा. हे केलं नाही तर आतली चिकण माती आणि बाहेरची भुसभुशीत माती यांचं जमत नाही. पाणी गोळ्याला वळसा घालून निघून जातं आणि मुळंही आतच राहतात. सुरुवातीला सांगितलेलं मेलेल्या कुंडीचं चित्र तयार होतं ते इथे.

४. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. टोमॅटो अपवाद : त्याला खोडावर मुळं फुटतात, म्हणून खालची पानं काढून पहिल्या वरच्या पानांपर्यंत गाडा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे.

५. काठापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, पाणी मुरायला. माती बोटांनी अलगद बसवा, मुठीने ठोकू नका.

६. तळातून गळेपर्यंत पाणी द्या, वर सुक्या पानांचं आच्छादन पसरा आणि चार-पाच दिवस दुपारच्या उन्हाआड ठेवा.

सावधान : लावल्यावर निदान तीन आठवडे कुठलंही खत नाही. कोमेजलेल्या रोपाला खत देणं म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी वाढणं.

टप्पा ६ : पाणी वेळ बघून नको, माती बघून द्या

कुंडीतली जितकी झाडं पाण्यावाचून मरतात, त्याहून जास्त पाण्याने मरतात असा माझा अनुभव आहे. अडचण अशी की दोन्हींची लक्षणं सारखीच : पानं मलूल. मुळं कुजली की ओल्या मातीत उभं झाडही पाणी ओढू शकत नाही, आपण ते मलूल बघून आणखी पाणी घालतो आणि दोन दिवसांत ते जातं.

पाणी द्यायच्या आधी मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर आज नाही. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघा, सुकल्यावर पुन्हा उचला. आठवड्याभरात हाताला फरक कळू लागतो.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. सगळ्या पृष्ठभागावर, सावकाश, भोकांतून पाणी येईपर्यंत, पाच मिनिटं थांबून पुन्हा थोडं. रोज अर्धा पेला शिंपडला तर वरची बोटभर माती ओली राहते, मुळं वरच घुटमळतात आणि एका कडक दुपारी झाड मान टाकतं.

तुळशीचं वेगळं सांगायला हवं. पूजेनंतर रोज तांब्याभर पाणी, पावसाळ्यातही, थंडीतही, यानेच घरोघरच्या तुळशी जातात. नेम मोडू नका, पण तो पळीभर पाण्याने पाळा. तुळशीची खरी तहान मात्र बोट घालूनच बघा. मंजिऱ्या तयार होताच खुडत राहा, म्हणजे तिची ताकद पानांकडे वळते.

कोकोपीटाचं मिश्रण एकदा खडखडीत सुकलं की पाणी झिडकारतं. ओतलेलं पाणी क्षणात तळातून बाहेर आलं आणि कुंडी तरी हलकीच राहिली, तर अख्खी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवा.

बोअरवेलच्या पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी धरते. महिन्यातून एकदा शक्य असेल तर पावसाचं किंवा नळाचं पाणी भरपूर ओतून क्षार खाली निघून जाऊ द्या.

तपासून पाहा : कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं नको. त्यात मुळंही कुजतात आणि डेंग्यूचा डासही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, ताटल्या ओता आणि कडा घासून पुसा.

टप्पा ७ : खत थोडं, पण नेमाने

महिन्यातून एकदा १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, वरची माती बोटभर उकरून त्यात मिसळा आणि पाणी द्या. फळभाज्यांना कळ्या दिसू लागल्या की दर १५ दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी : मूठभर पेंड दोन लिटर पाण्यात तीन दिवस झाकून ठेवा, गाळा, त्यात दहापट पाणी घाला. घट्ट देऊ नका, आणि माती आधी ओली असू द्या.

चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं थेट कुंडीत टाकू नका. साखर-दुधाच्या चोथ्याला मुंग्या आणि बुरशी लागते, टरफलं वर्षानुवर्षं तशीच राहतात. हे सगळं कंपोस्टच्या बादलीत घाला, तिथून ते खत होऊन कुंडीत येऊ दे.

पिवळं पान बघून खत ओतण्याआधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी : नत्र कमी आहे, गांडूळखत द्या. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या : लोह मिळत नाही. मोगरा, लिंबू, कढीपत्त्यात आणि बोअरच्या पाण्यावर हे हमखास दिसतं. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. सगळीच पानं पिवळी आणि माती ओलीगच्च : खत नको, पाणी थांबवा.

टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा, चामड्यासारखा होतो तो रोग नव्हे. एक दिवस दुष्काळ, एक दिवस पूर अशा पाण्यामुळे फळापर्यंत चुना (कॅल्शियम) पोचत नाही. पाणी सारखं ठेवलं की पुढची फळं नीट येतात.

टप्पा ८ : खुडणं, आधार आणि फळधारणा

काठी लावणीच्या वेळीच रोवा, मोठ्या झाडाजवळ नंतर खोचली तर मुळं तुटतात. कढीपत्ता हातभर झाला की शेंडा खुडा, बाजूने फांद्या येतील. पानं ओरबाडून काढू नका, पूर्ण डहाळी कापा. कलमी झाडाच्या सांध्याखालून आलेली फूट दिसताक्षणी काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाची असते आणि कलमाला उपाशी ठेवते.

उंच मजल्यांवर मधमाश्या क्वचितच येतात. टोमॅटोचे फुलोरे सकाळी बोटाने हलके हलवा, तेवढं पुरतं. दुधी, कारली यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावा : कारल्याला सकाळी, दुधीला संध्याकाळी, कारण दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात. तेव्हा औषधं शोधू नका, सावली द्या आणि वाट बघा.

टप्पा ९ : कीड लवकर गाठा

आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, पानांच्या खालच्या बाजू बघा. कीड तिथेच असते.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आधी मुंग्यांवरून कळतो. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की शेंडे आणि पेरं तपासा. कापसाचा पुंजका दिसला तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून फेका.

मावा, पांढरी माशी, पिठ्या यांसाठी नीमतेल : पाच मिली तेल आणि एक-दोन मिली लिक्विड सोप आधी थोड्या कोमट पाण्यात फेटा, मग लिटरभर करा. तेल पाण्यावर तरंगत असेल तर फवारू नका, पानं जळतील. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारा. पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा करायलाच हवं, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. बहुतेक लोक एकदाच फवारतात आणि "नीमतेलाचा उपयोग होत नाही" म्हणून सोडून देतात.

मिरचीचा चुरडामुरडा नीट बघा. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी (जाळं विणणारा कोळी नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). फुलकिड्यांना नीमतेल चालतं. कोळ्यांवर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांखालून मारा. तेवढ्याने भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम.

सावधान : गंधक कडक उन्हाळ्यात फवारू नका, आणि नीमतेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी नको. दोन्ही एकत्र आले की पानं भाजतात.

टप्पा १० : ऋतू आणि गावी जाणं

पावसाळ्यात दोन उलट चुका होतात. गच्चीतल्या कुंड्या रोज भिजत असतात तरी पाइप सुरूच असतो. आणि बाल्कनीतल्या कुंड्यांवर छत असल्याने थेंबही पडत नाही, तरी "बाहेर पाऊस आहे" म्हणून पाणी बंद होतं. दोन्हीकडे बोट घालून बघा. मुसळधार पावसात खत धुऊन जातं, तेव्हा ते पावसाची उघडीप बघून द्या.

होळीनंतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, कुंड्या एकमेकींना चिकटवून, आच्छादन दोन बोटं जाड. पाणी भल्या सकाळी द्या. मेमध्ये संध्याकाळीही लागेल. भर दुपारी तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कुंडीत घालू नका.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना कुंड्या सावलीत एकत्र आणा, पोटभर पाणी द्या. मधोमध उंचावर पाण्याची बादली ठेवा आणि जाड सुती वातीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल खोचा. बादली झाका. ही सोय निघायच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, आदल्या आठवड्यात दोन दिवस चालवून बघा. वात नवी असेल तर तिच्यातली खळ धुऊन काढा, नाहीतर ती पाणी ओढत नाही.

टप्पा ११ : जुन्या मातीचं काय

मोगरा, लिंबू, कढीपत्ता दर दोन वर्षांनी कुंडीतून काढा, पावसाळ्याच्या सुरुवातीला. बाहेरची मुळं एक-दोन बोटं कापा, एक तृतीयांश माती बदला, फांद्याही तेवढ्याच छाटा.

हंगामी भाजी संपली की झाड उपटून मुळं बघा. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या. ती माती वेगळी ठेवा, बाकीच्यात मिसळू नका. एरवीची माती मोडून मुळं वेचा. एप्रिल-मेमध्ये ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापू द्या. मग एक तृतीयांश नवं खत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घाला, गार झाल्यावर ट्रायकोडर्मा. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, तेव्हा त्यांच्यानंतर त्या मातीत पुन्हा त्यांच्यापैकीच काही नको. एक हंगाम चवळी किंवा मेथी घ्या. माती पोत्यात भरून ठेवलीत तर पोत्यावर आधी काय लावलं होतं ते आणि तारीख लिहून ठेवा. आणि जूनमध्ये ते पोतं उघडाल तेव्हा वाटीभर माती काढून आधी मोहरी पेरा.